जपमाळेच्या मातेची मूर्ती : मिरवणुकीआधी रंगवावी, खरवडावी की आहे तशी जपावी?

केळबाग | 28 जून, रात्री 9:14

नमस्कार. आम्ही वसई तालुक्यातले. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अर्धे गाव हा धागा वाचेल आणि उरलेल्या अर्ध्या गावाला वाचून दाखवेल. आमच्या देवळात (वसईबाहेरच्या वाचकांसाठी: आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) जपमाळेच्या मातेची, म्हणजे येशूची आई मारिया हिची, साडेतीन फुटांची लाकडी मूर्ती आहे. तिचा सण 7 ऑक्टोबरला असतो आणि त्याला लागून येणाऱ्या रविवारी ती पालखीत बसवून सगळ्या आळ्यांतून फिरवली जाते. परदेशी गेलेली मुले सुट्टी काढून येतात ती नाताळला नव्हे, या रविवारी.

मे महिन्यात झगा बदलताना बायकांना चौथऱ्यावर पिठासारखा बारीक भुसा दिसला. नीट पाहिले तेव्हा डावे मनगट हलत होते, मानेपासून उजव्या गालापर्यंत केसाएवढी चीर गेली होती आणि हनुवटीखाली रंगाचे पापुद्रे सुटले होते. धर्मग्राम परिषदेत (देवळाचा कारभार पाहणारी गावकऱ्यांची समिती) आता तीन मते आहेत. पहिले असे की नेहमीच्या रंगाऱ्याला बोलवावे; तो लांबी (पुट्टी) भरून, ऑईल पेंटचे दोन हात देऊन पंधरा दिवसांत 18,000 रुपयांत मूर्ती नवी करून देतो. दुसरे मत तरुणांचे: वरचे सगळे रंग काढून खाली दडलेला मूळ चेहरा बाहेर आणावा. तिसरे असे की मूर्ती काचेच्या कपाटात ठेवावी आणि मिरवणुकीसाठी फायबरची प्रतिकृती करून घ्यावी. मी परिषदेवर आहे आणि खरे सांगायचे तर तिन्ही बाजूंचे ऐकून तिन्ही वेळा मान डोलावून आलो आहे. अनुभवी मंडळींनी मार्ग दाखवावा.

रोखठोक | 28 जून, रात्री 9:52

रंगवा आणि मोकळे व्हा. आजवर चार वेळा रंगवलीच असेल, पाचव्यांदा रंगवल्याने आभाळ कोसळणार नाही.

जुनी_विहीर | 28 जून, रात्री 11:05

आभाळ कोसळत नाही, पण घरात माणसे रडतात, हे मी पाहिलेले आहे. मी नऊ-दहा वर्षांची असताना आमच्या देवळातली माता (केळबाग यांचे गाव वेगळे, माझे वेगळे) रंगवायला दिली होती. परत आली ती गोरीपान, लाल ओठांची आणि भुवया अशा कमानदार की जणू आपल्याला काही विचारते आहे. माझी आजी रोज पहाटे तिच्यासमोर जपमाळ करायची. ती त्या दिवशी पहिल्या बाकावरून उठून मागच्या बाकावर जाऊन बसली आणि घरी आल्यावर एवढेच म्हणाली, ‘‘ही आपली आई नव्हे गो, आईची धाकटी बहीण आहे.’’ त्यानंतर आठ वर्षे आजी जगली, पण पुढच्या बाकावर कधी बसली नाही.

आता गंमत पाहा. माझ्या मुलांनी जन्मापासून तोच गोरा चेहरा पाहिला आहे. उद्या कुणी तो खरवडून आजीचा चेहरा परत आणला, तर माझी मुले मागच्या बाकावर जातील. म्हणून केळबाग, तुमच्या तरुणांना एकदा विचारा की मूळ चेहरा म्हणजे नेमका कुणाचा मूळ.

कुंचला | 29 जून, सकाळी 8:30

मी रंगीत लाकडी मूर्तींच्या जतनाचे काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी भुसा. मूर्तीखाली काळा कागद पसरून आठ दिवस तसाच राहू द्या. कागदावर नवा भुसा पडला तर भुंगा, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, आत जिवंत आहे. पडला नाही तर तो जुन्या बिळांतला, हालचालीने सांडलेला असू शकतो. कुणीतरी प्रेमाने सांगेल की भोकांत रॉकेल किंवा वाळवीचे औषध इंजेक्शनने सोडा. कृपा करून तसे करू नका, कारण ते द्रावण लाकडातून झिरपत रंगाच्या मागच्या बाजूला पोहोचते आणि रंग फुगून सुटतो. रंगीत मूर्तीसाठी सुरक्षित उपाय म्हणजे हवाबंद पिशवी: मूर्ती तीत ठेवून ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या किंवा नायट्रोजन वापरून आतला ऑक्सिजन जवळजवळ शून्यावर आणायचा आणि साधारण तीन आठवडे तसाच राखायचा. किडा, अळी, अंडी, सगळे गुदमरून मरते आणि रंगाला काहीही लागत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. जुन्या पद्धतीच्या मूर्तीत लाकडावर थेट रंग नसतो. आधी खडूची पूड आणि सरस यांचा पांढरा लेप देतात, सोने लावायचे असेल तिथे त्यावर तांबूस मातीचा थर, मग वर्ख, मग अकीकाच्या दगडाने घोटाई. अंगरख्यावर बऱ्याचदा वर्खावरच रंग देऊन तो टोकदार काडीने खरवडून सोन्याची वेलबुट्टी काढलेली असते. हे सगळे थर लाकडाबरोबर थोडेफार हलू शकतात. पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. ऑईल पेंटची जाड साल वाळत जाते तशी कडक होते, लाकडाबरोबर हलत नाही, आणि सुटते तेव्हा खालचे जुने थर सोबत घेऊन सुटते. हनुवटीखालचे पापुद्रे हेच सांगतात. लांबीचेही तसेच: ती कठीण असते, त्यामुळे भरलेली चीर तशीच राहते आणि तिच्या शेजारी नवी पडते.

तरुणांनाही एक सांगते. रंग काढणे ही परत न फिरवता येणारी गोष्ट आहे. आधीच्या एखाद्या रंगाऱ्याने नवा रंग धरावा म्हणून पॉलिशपेपर मारला असेल, तर खाली चेहरा नसेल, नुसते लाकूड असेल. नखाएवढी तपासणीची खिडकी उघडून पाहिल्याशिवाय खाली काय आहे हे कुणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्या हाती मूर्ती देऊ नये.

सावली | 29 जून, सकाळी 9:11

आणि काय वाट्टेल ते झाले तरी पापण्यांना हात लावू नका.

केळबाग | 29 जून, सकाळी 9:20

पापण्यांचे काय ते कळले नाही.

सावली | 29 जून, सकाळी 10:02

मग सांगायलाच हवे. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात माकारेना म्हणून मातेची मूर्ती आहे. सतराव्या शतकातली, कुणी घडवली ते ठाऊक नाही, गालांवर काचेचे अश्रू. गुड फ्रायडेच्या पहाटे तिची मिरवणूक निघते आणि सगळे शहर रात्रभर जागे असते. 2025 च्या जूनमध्ये तिच्या बंधुसंघाने (मूर्तीची देखभाल करणारी भक्तांची संस्था) किरकोळ देखभाल म्हणून ती काही दिवस दर्शनातून काढली. परत बसवली तेव्हा लोकांना पापण्या लांब आणि दाट दिसल्या, नजर बदललेली वाटली. काही तासांत पुन्हा फेरफार झाले, त्याने लोक आणखी भडकले, बासिलिकेसमोर निदर्शने झाली आणि बंधुसंघाला जाहीर माफी मागावी लागली. लक्षात घ्या, काम अनुभवी माणसाकडे होते आणि बंधुसंघाचा हेतूही वाईट नव्हता. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्याला पापणीतला फरक कळतो, कारण तो मूर्ती पाहत नसतो, ती आपल्याकडे कशी पाहते ते पाहत असतो.

पंचगंगा | 29 जून, दुपारी 1:40

मी हिंदू आहे आणि कोल्हापूरचा आहे, तरीही हा धागा घरचा वाटतो. 2015 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अंबाबाईच्या मूर्तीवर रासायनिक संवर्धनाची प्रक्रिया केली. त्याआधी 1955 मध्ये वज्रलेप (झीज थांबवण्यासाठी मूर्तीवर देतात तो लेप) झाला होता. प्रक्रियेनंतर मूर्तीच्या मस्तकावरचा नाग दिसत नाही, यावरून शहरात जो वाद पेटला तो अजून पूर्ण विझलेला नाही. माझा अनुभव एवढाच की काम सुरू होण्याआधी मूर्तीचे सर्व बाजूंनी स्पष्ट फोटो काढून, मापे घेऊन, त्यावर सगळ्या पक्षांच्या सह्या घ्या. नंतर प्रत्येक जण आपल्या आठवणीतली मूर्ती घेऊन भांडायला येतो, आणि आठवणीला पुरावा लागत नाही.

रोखठोक | 29 जून, दुपारी 3:15

सगळ्यांचा मान राखून म्हणतो, की हे फार झाले. मूर्ती ही श्रद्धेची खूण आहे, श्रद्धा नव्हे. पिशवी, नायट्रोजन आणि मुंबईहून येणारे तज्ज्ञ यांवर जाणारा पैसा गावातल्या एखाद्या मुलाच्या फीला गेला तर मातेला अधिक आवडेल. 18,000 मध्ये काम होत असताना लाखाच्या गोष्टी करणे मला पटत नाही.

कुंचला | 29 जून, संध्याकाळी 6:48

रोखठोक, मुलाच्या फीबद्दल दुमत नाही. पण स्वस्त काम स्वस्तच पडते असे नाही. स्पेनमध्येच नावारा प्रांतात एस्तेया गावच्या देवळात सेंट जॉर्जची सोळाव्या शतकातली लाकडी मूर्ती होती. 2018 मध्ये ती स्थानिक हस्तकला शिक्षिकेकडून रंगवून घेतली गेली. गुलाबी चेहरा आणि सपाट राखाडी चिलखत झालेल्या त्या मूर्तीचे फोटो जगभर फिरले, थट्टा झाली. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी तो रंग काढून मूर्ती बरीचशी पूर्ववत केली. त्याला 30,000 युरोंहून अधिक खर्च आला आणि मूळ रंगाचा जो भाग गेला तो गेलाच. शिवाय तुम्हाला सगळे काम एकाच वर्षी करायचे नाही. भुंगा मारणे, सुटलेले पापुद्रे चिकटवणे आणि मनगट पक्के करणे एवढेच यंदा करा. ते लाखाचे काम नाही.

तळटीप | 29 जून, रात्री 10:30

एक मुद्दा कुणीच काढलेला नाही. हा निर्णय परिषदेचा एकटीचा नाही. चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेतील 1189 वे कलम सांगते की प्राचीनतेमुळे, कलेमुळे किंवा लोकांच्या भक्तीमुळे मौल्यवान असलेल्या आणि देवळात दर्शनासाठी ठेवलेल्या प्रतिमेची दुरुस्ती करायची असेल, तर धर्मप्रांताच्या प्रमुखाची लेखी परवानगी हवी, आणि त्यानेही ती जाणकारांचा सल्ला घेऊनच द्यायची. ‘लोकांच्या भक्तीमुळे’ हे शब्द पुन्हा वाचा. मूर्ती जुनी नसली, कलेच्या दृष्टीने साधारण असली, तरीही गाव तिच्यावर जीव टाकत असेल तर ती या कलमात येते. वसईला 1998 पासून स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) आहे, तेव्हा अर्ज फार लांब न्यायचा नाही. मूर्ती शंभर वर्षांहून जुनी निघाली तर 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाच्या व्याख्येतही ती येईल. परदेशात स्थायिक झालेला एखादा भक्त ‘मी इकडे नेऊन नीट करून आणतो’ म्हणाला, तर परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेता येणार नाही, हे त्याला सांगून ठेवा.

केळबाग | 29 जून, रात्री 10:44

असा भक्त आहे. त्याने व्हॉट्सॲपवर मापेही मागवली आहेत.

मांडवी | 30 जून, सकाळी 7:55

गोव्यातून लिहिते आहे. आमच्याकडे गोवा वेल्हा इथे उपासकाळातल्या (ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस) पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांची मिरवणूक निघते. फ्रान्सिस्कन परंपरेतल्या संतांच्या मूर्ती आंदोरावर (पालखीसारखा पाट) ठेवून खांद्यावरून नेतात. 1830 च्या दशकात पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले तेव्हा ही मिरवणूक थांबली, मूर्तींची आबाळ झाली, आणि पुढे त्या शतकाच्या अखेरीस उरलेल्या मूर्ती घेऊन ती पुन्हा सुरू झाली.

या मूर्तींत कोरलेले असतात ते चेहरा, हात आणि पाय. मधे लाकडी सांगाडा आणि वर खरे कपडे. त्यामुळे मिरवणुकीत त्या हलक्या पडतात, आणि कपडे बदलले तरी चेहऱ्याला हात लागत नाही. तुमची मूर्ती पूर्ण कोरीव असूनही तिला झगा घालतात असे दिसते. मग झगा कशाला अडकवतात ते जरूर तपासा. गोव्यात सल्ला हवा असेल तर जुने गोवे येथील सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. देवळांतून आलेल्या लाकडी आणि हस्तिदंती मूर्ती तिथे जवळून पाहता येतात. तुमच्या तिन्ही पक्षांना एका गाडीत घालून तिथे घेऊन जा. परतीच्या प्रवासात भांडण निम्मे झालेले असेल.

बांद्र्याचा_डोंगर | 30 जून, सकाळी 11:20

आमच्या मोत मावलीचे (बांद्र्याची माउंट मेरी) उदाहरण द्यायला हवे. सन 1700 च्या सुमारास अरब चाचे आले, मूर्तीच्या हातातली सोनेरी वस्तू सोन्याची समजून त्यांनी तिचा उजवा हातच तोडला, असे परंपरा सांगते. 1738-39 च्या सुमारास मराठ्यांच्या स्वारीत डोंगरावरचे देऊळ पाडले गेले, 1760 च्या सुमारास ते पुन्हा उभे राहिले आणि आजची वास्तू 1904 मध्ये पूर्ण झाली. एवढ्या उलथापालथीत मूर्तीची दुरुस्ती अर्थातच झाली आहे. पण सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात-पाय घेऊन रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, तुटलेल्या हाताची गोष्ट तो आधी सांगेल. त्यामुळे तुमच्या मूर्तीची चीर पूर्ण नाहीशी व्हायला हवी, असे मला वाटत नाही.

खांदेकरी | 1 जुलै, रात्री 8:10

मी बावीस वर्षे पालखीला खांदा देतो आहे. प्रतिकृतीच्या बाजूने बोलणाऱ्यांना एकच सांगायचे आहे: लोक पालखीखालून वाकून जातात, आजाऱ्याला ओट्यावर आणून बसवतात, ते काय फायबरसाठी? आमच्या गल्लीत एक आजोबा अंथरुणाला खिळलेले होते. पालखी दाराशी आली की खिडकीतून नुसता हात बाहेर काढायचे. त्यांच्यासमोर मी प्रतिकृती नेऊ शकलो नसतो, मला खोटे बोलल्यासारखे झाले असते.

तरीही एक कबूल करतो. मिरवणुकीत मूर्तीचे हाल आम्हीच करतो. पुढचे चौघे उंच, मागचे बुटके, त्यात वळणावर पालखी एका अंगाला झुकते आणि फटाका फुटला की सगळे एकदम दचकतात. गेल्या वर्षी मूर्ती हलू नये म्हणून सुतळी मनगटाला बांधली होती. मनगट का हलते, याचे उत्तर बहुधा तिथेच आहे.

रोखठोक | 1 जुलै, रात्री 8:31

अरे देवा. मनगटाला सुतळी?

कुंचला | 1 जुलै, रात्री 9:26

खांदेकरी, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत उपयोगाचा आहे. मूर्तीला कुठेही दोरी बांधू नये. पालखीच्या पाटावर चौथऱ्याच्या आकाराची लाकडी चौकट करून घ्या, तिच्यात आतून दाट फोम लावा आणि मूर्ती त्या खोबणीत बसवा. जोर चौथऱ्यावर यावा, अंगावर नव्हे. खांदा देणारे उंचीप्रमाणे निवडा. ताजे हार गळ्यात घालू नका, पालखीच्या कठड्याला बांधा. ओल्या झेंडूचा ओलावा आणि डाग दोन्ही रंगात शिरतात. मेणबत्त्या हातभर लांब ठेवा, कारण काजळी चेहऱ्यावरच बसते आणि मग कुणीतरी ती ओल्या फडक्याने पुसते.

प्रतिकृतीला माझा विरोध नाही. मूर्ती खरोखरच चालण्याच्या अवस्थेत नसेल तर ती करावी लागते. पण काळ्या कागदाचा आणि मनगटाचा निकाल आल्याशिवाय तो निर्णय घेऊ नका.

केळबाग | 17 ऑगस्ट, रात्री 9:40

इतके दिवस उत्तर दिले नाही, क्षमा असावी. पावसाने आणि सभांनी वेळच दिला नाही.

काळ्या कागदावर नवा भुसा पडला. म्हणजे भुंगा जिवंत होता. प्रमुख धर्मगुरूंनी बिशप कार्यालयाकडे अर्ज केला, लेखी परवानगी मिळाली आणि मुंबईहून एक संवर्धक येऊन दोन दिवस राहिल्या. त्यांनी डाव्या कानामागे, ओढणीच्या सावलीत, नखाएवढी खिडकी उघडली. आम्ही सात जण श्वास रोखून उभे होतो. त्या कापसाच्या काडीवर द्रावण घेऊन इतक्या सावकाश फिरवत होत्या की आमच्यातला एक जण मधेच चहा पिऊन आला आणि त्याचे काहीही चुकले नाही. वरचा गुलाबी ऑईल पेंट, त्याखाली आणखी एक फिकट गुलाबी, त्याखाली गव्हाळ, आणि मग पांढरा लेप. गव्हाळ थर कानामागे चांगला आहे. भिंगातून पाहिले तर त्यात एक बारीकशी तांबूस रेघ आहे, केसांची कड असावी. तो थर चेहऱ्यावरही शाबूत आहे का, हे त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हाला कुंचला यांचे वाक्य आठवले.

परिषदेने ठरवले आहे की यंदा चेहऱ्याचा रंग बदलायचा नाही. पापुद्रे चिकटवायचे, मनगट आतून लाकडी खुंटी घालून पक्के करायचे, चीर जवळून ओळखू येईल पण दुरून खुपणार नाही इतपत भरायची. गव्हाळ थराचे पुढे काय करायचे, हे नाताळानंतर सगळ्या गावाला ती खिडकी दाखवून विचारायचे. पालखीची चौकट सुताराकडे दिली आहे. रंगाऱ्याला चौथऱ्याच्या नव्या पाटाचे काम दिले, त्यामुळे तोही रागावलेला नाही.

जुनी_विहीर | 17 ऑगस्ट, रात्री 10:15

गव्हाळ निघाली म्हणता. आजी असती तर तिला कळवले असते. ती तांबूस रेघ एकदा पाहायला आले तर चालेल का?

केळबाग | 17 ऑगस्ट, रात्री 10:22

अवश्य या, काकू. मात्र उद्या सकाळच्या मिस्सेनंतर (देवळातली उपासना) मूर्ती पिशवीत बंद होईल आणि तीन आठवडे उघडणार नाही. त्यामुळे 8 सप्टेंबरला मारियामातेच्या जन्मदिनी उघडेल, तेव्हाच यावे.

सावली | 17 ऑगस्ट, रात्री 10:30

म्हणजे 8 सप्टेंबरपर्यंतची नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) पिशवीसमोर का?

केळबाग | 17 ऑगस्ट, रात्री 10:51

रिकाम्या कोनाड्यासमोर. फोटो लावू, असा प्रस्ताव होता, पण कोणता फोटो यावर एकमत झाले नाही. 1990 चा की गेल्या वर्षीचा, त्यावरून पुन्हा तीन पक्ष पडले.

आणि मांडवी, झगा कशाला अडकवतात ते तुम्ही विचारले होते. पाठीच्या बाजूने तो सरळ लाकडात टाचण्या खुपसून लावत आले आहेत. काहींची डोकी गंजून गेली होती, ती रंगाखाली पुटकुळ्यांसारखी दिसत होती. संवर्धक बाईंनी त्या एकेक करून उपटल्या आणि वाटीत ठेवल्या. एकूण 43 निघाल्या. यापुढे झग्याला आतून नाड्या शिवायच्या, हे झगा सांभाळणाऱ्या बायकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकले. त्या टाचण्यांचे काय करायचे, यावर मात्र सभेत अर्धा तास गेला. टाकून द्यायचे धाडस कुणालाच झाले नाही. सध्या त्या सॅक्रिस्तीच्या (देवळातली विधीचे सामान ठेवायची खोली) कपाटात, होस्तियाच्या (मिस्सेतली पातळ पवित्र भाकर) रिकाम्या डब्यात आहेत.